उष्माघाताचे बळी: मोजणी कशी सुरू झाली

विदर्भात ‘ऊन लागून गेला’ हे पिढ्यानपिढ्या ऐकू येते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ते क्वचितच दिसते. अंग तापले की शरीर रक्त त्वचेकडे वळवते, हृदयाला जास्त राबावे लागते, घामातून पाणी आणि क्षार निघून जातात. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच अधू असेल, तर माणूस तिथेच कोसळतो आणि कागदावर कारण लागते हृदयविकाराचे. उन्हाने बळी घेतले तरी त्याचे नाव कुठे येत नाही, ते यामुळे.

१९९८ साली ओडिशात उष्णतेच्या लाटेने दोन हजारांवर माणसे दगावली, तेव्हा तिथले सरकार हादरले. २००३ मध्ये युरोपात हजारो वृद्ध गेले. तरीही आपल्याकडे शहरांच्या कारभारात ऊन हा आरोग्याचा प्रश्न झाला नव्हता. तो झाला अहमदाबादमुळे.

मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी वेगळी वाट धरली. उष्माघाताच्या नोंदींवर न थांबता त्यांनी शहरातले त्या महिन्याचे सगळेच मृत्यू घेतले आणि आधीच्या-नंतरच्या वर्षांतल्या मे महिन्याशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्त निघाले, म्हणजे सुमारे ४३ टक्के वाढ. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे दिलीप मावळंकर तेव्हापासून हेच सांगत आले: रोजचे एकूण मृत्यू बघा, ऊन आपोआप दिसेल. शारदाबेन रुग्णालयातला अनुभवही बोलका होता. नवजात बाळांचा कक्ष सर्वात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणारी बाळे कमी झाली. एवढा साधा उपाय!

२०१३ मध्ये अहमदाबाद पालिकेने उष्णता कृती आराखडा आणला: अंदाज कळताच इशारे, ४५ अंशांना रेड अलर्ट, डॉक्टरांना प्रशिक्षण, पाणपोया. नागपूरसह इतर शहरांनी तो धडा गिरवला आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. गंमत अशी, की मदतीसाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती.

पण हे आराखडे प्रामुख्याने पाऱ्यावर बेतलेले. किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्यामुळे कमी तापमानातही शरीर हरते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यासाठी लाखो लोक तासन्‌तास उघड्या मैदानात बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता. १४ जण गेले. हवामान खात्याने किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेची मर्यादा मैदानी प्रदेशाच्या ४० ऐवजी ३७ अंश ठेवली आहे खरी. पण तीही तापमानाचीच मर्यादा, तिच्यात दमटपणा नाही.