बॉनेटला भोक पाडण्याआधी

इंजिनाची गरम हवा बाहेर पडावी म्हणून बॉनेट कापायचं ठरवलेल्या माणसाच्या हातात जिगसॉ, म्हणजे पत्रा कापायची विजेची करवत, शेवटी येते. जो जाणकार असतो तो आधी काही दिवस गाडीत एक पारदर्शक नळी लावून फिरतो. मध्ये वाकवलेली आणि अर्धी रंगीत पाण्याने भरलेली ही नळी डॅशबोर्डला टेपने चिकटवलेली असते. तिचं एक टोक बॉनेटच्या वर, दुसरं बॉनेटच्या खाली इंजिनाजवळ. गाडी वेग घेते तसं पाणी एका बाजूला चढतं. वरच्या टोकाच्या बाजूला चढलं, तर तिथे वर दाब कमी आहे, म्हणजे भोक पाडलं तर गरम हवा आपणहून बाहेर पडेल. उलट्या बाजूला चढलं, तर तिथे पत्रा कापणं म्हणजे इंजिनात वरून हवा कोंबणं.

हे सगळं किती बारीक मापाचं आहे बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा पूर्ण जोर मोजला, तरी पाण्याच्या उंचीत तो जेमतेम ४७ मिलिमीटर भरतो. ५० च्या वेगाला तो चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा दाबासाठी चांगला पत्रा कापावा असं लोकांना का वाटायला लागलं, ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत असं काही करायची गरजच नव्हती. उभा रेडिएटर पुढे, त्याच्या मागे लांब अरुंद बॉनेट, दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि मडगार्ड अंगापासून सुटे. बॉनेटच्या कडेच्या पत्र्यांवर तिरप्या फटींची रांग असायची, तेच लूव्हर. हवा रेडिएटरमधून आत आणि फटींतून बाहेर, असा सरळ रस्ता. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये, पहिल्या काही गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी वर चढतं, थंड खाली उतरतं, एवढ्याच भरवशावर पाणी फिरायचं. ती उकळायची, लोक पाणी ओतायचे आणि पुढे जायचे.

१९३० नंतर गाड्यांचं रूप बदलत गेलं. मडगार्ड अंगात मुरले, रेडिएटर जाळीमागे लपला आणि कडेने उघडणाऱ्या बॉनेटच्या जागी मगरीच्या जबड्यासारखं पुढून वर उचलायचं एकसंध झाकण आलं. कडेच्या भिंतीच उरल्या नाहीत, मग लूव्हर कुठे पाडणार? गरम हवेला आता एकच वाट राहिली, इंजिनाच्या खालून गाडीच्या पोटाकडे. कंपन्यांनी या अडचणीला दुसरीकडून उत्तर दिलं. पंप सुधारले, पंखे मोठे झाले, रेडिएटरला दाबाचं झाकण आलं. आत हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब धरला, की पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. ही २० अंशांची सवलत मिळाली आणि हवा बाहेर कुठून जाते हा प्रश्न मागे पडला.

तो परत वर काढला कॅलिफोर्नियाच्या पोरांनी. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्तातलं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. जुनी मोडकी फोर्ड घ्यायची, वजन कमी करायचं, या इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जाऊन वेग मोजायचा, हा तिथल्या तरुणांचा नाद. पण या इंजिनात एक उपजत खोट होती. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा थेट ब्लॉकमधून, पाण्याला लागूनच जायच्या. म्हणजे जे पाणी इंजिन थंड करायचं, त्यालाच धुराड्याची ऊब. ही इंजिनं तापण्यासाठी बदनाम झाली ती उगाच नाही.

मग गॅरेजांमधून लूव्हर प्रेस फिरू लागले. साच्याचा एक ठोका बसला की पत्र्याची एक कड कापली जाते आणि उरलेला भाग फुगून वर येतो. फटीचं तोंड मागे, पाठ वाऱ्याकडे. वरून वाहणारी हवा त्या तोंडाशी ओढ निर्माण करते आणि आतली हवा खेचून घेते. शिवाय असे फुगवटे ओळीने पाडले की पत्रा कडक होतो. १९४९ पासून बॉनविलच्या मिठागरावर वेगाचा आठवडा भरायला लागला, तेव्हापर्यंत लूव्हरच्या रांगा हा शर्यतीच्या गाडीचा दागिना झाला होता. यातल्या कितींचा थंडाव्याशी संबंध होता आणि किती निव्वळ शोभेच्या, हा हिशेब कोणी मांडत बसलं नाही.

विमानवाल्यांना मात्र हे आधीच कळलं होतं. १९२८ मध्ये अमेरिकेच्या लँगली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती बसवायचं वेष्टन तयार केलं. पुढे अशा वेष्टनांच्या मागच्या कडेला उघडमिट करता येणाऱ्या झडपा आल्या. इंजिन तापलं की वैमानिक झडपा उघडतो, थंड झालं की मिटतो. हवा आत घेण्याचं तोंड तेवढंच राहतं, कमीजास्त होते ती बाहेर जायची वाट. माझ्या मते बॉनेट कापणाऱ्या प्रत्येकाने आधी ही झडप डोळ्यांपुढे आणावी. आत येणाऱ्या हवेसाठी पुढची जाळी मोठी करणारे पुष्कळ असतात, पण कोंडलेल्या खोलीत दार कितीही मोठं केलं तरी समोरची खिडकी बंद असेल तर वारा खेळत नाही.

खिडकी कुठे पाडायची, इथे मात्र घरगुती कारागिरांनी वर्षानुवर्षं चूक केली. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड बोटभर उचलायची. गाडी उभी असताना त्या फटीतून गरम हवा वर येताना दिसते, म्हणून खात्री पटते. वेग आला की चित्र उलटतं. बॉनेटवरून आलेली हवा काचेच्या उतारावर आदळून तुंबते आणि काचेच्या पायथ्याशी दाब चढतो. वायपरच्या खालची प्लॅस्टिकची जाळी, जिच्यात पावसाळ्यात पिंपळाची पानं अडकतात, ती तिथे उगाच नसते. केबिनला लागणारी हवा तिथूनच आत घेतली जाते, कारण ती तिथे आपणहून ढकलली जाते. १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरोमध्ये तर एक उंच बॉनेट मिळायचं, त्याचं तोंड मागे काचेकडे. त्याच दाबाची हवा कार्ब्युरेटरला पाजायला. म्हणजे कंपनी जिथून हवा आत घेत होती, तिथूनच लोक ती बाहेर काढायला निघाले होते. वर, इंजिनाचा वास केबिनमध्ये येतो ही तक्रार वेगळीच.

ओढ असते ती पुढे. नाकावरून हवा वळसा घेऊन बॉनेटवर चढते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब पडतो. ढोबळमानाने रेडिएटरच्या थोडं मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात. १९६० च्या दशकातल्या फोर्ड जीटी४० च्या नाकावरच्या दोन मोठ्या नाकपुड्या पाहिल्या की हे लक्षात येतं. रेडिएटरमधून निघालेली हवा सरळ वर काढून टाकलेली, गाडीच्या पोटात जाऊच दिलेली नाही.

मागे इंजिन असलेल्यांचं दुखणं निराळं. १९५५ च्या फियाट ६०० मध्ये इंजिनाबरोबर रेडिएटरही मागे होता. ही आपल्या पद्मिनीच्या घराण्यातलीच, धाकटी पाती. अबार्थ या इटालियन कंपनीने तिच्या शर्यतीच्या आवृत्त्या काढल्या, तेव्हा इंजिनाचं झाकण सरळ आडवं उघडं ठेवून दांड्यांवर अडकवलं. दिसायला ते झाकण लावायचं विसरल्यासारखं दिसतं. आता जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक तसंच झाकण उघडं ठेवून मिरवतात.

१९८० नंतर इंजिनात जादा हवा कोंबणारे टर्बो सर्रास झाले आणि बॉनेटखालची उष्णता फार वाढली. रॅलीच्या लान्सिया डेल्टाला आणि १९९२ च्या फोर्ड एस्कॉर्ट आरएस कॉसवर्थला बॉनेटवर खरीखुरी जाळीदार तोंडं होती. तेव्हाच्या रॅलीच्या नियमांमुळे तशाच गाड्या रस्त्यावरही विकाव्या लागायच्या, आणि मग ब्रिटनमध्ये साध्यासुध्या हॅचबॅकवर कॉसवर्थच्या जाळ्या दिसायला लागल्या. घरगुती बॉनेट-जाळीची आजची फॅशन बरीचशी तिथून आली. दुसरी शाखा माझदा एमएक्स-५ या छोट्या, उघड्या टपाच्या दोन सीटर गाडीची. बॉनेट अल्युमिनियमचं, कापायला हलकं. गाडी छोट्या सर्किटवर तासन्‌तास पळवणारे मालक पुष्कळ. पाण्याच्या नळीचा आणि लोकरीच्या धाग्यांचा उद्योग याच मंडळींत रुजला. बॉनेटवर धाग्यांचे बोटभर तुकडे टेपने चिकटवायचे, शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढायचा, आणि धागे कुठे सरळ मागे वाहतात, कुठे वेडेवाकडे फडफडतात ते पाहायचं.

कापताना खालच्या आधाराच्या पट्ट्या सोडून कापतात, कड कानशीने घासतात, जाळी रिवेटने बसवतात आणि भोकाच्या पुढच्या काठाला एक बारीक उभी पट्टी लावतात, ओढ वाढावी म्हणून. पावसाचं पाणी ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलवर पडू नये म्हणून खाली पत्र्याची पन्हळ. आपल्याकडे हे सगळं करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्यावं. गाडीची मूळ रचना बदलण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली होती.

आणि आपल्याकडे गाडी तापते कुठे? खंडाळ्याच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलं की. दुसरा गिअर, ताशी २० चा वेग, मे महिना. त्या वेगाला हवेचा सगळा जोर पाण्याच्या नळीत दोन मिलिमीटरही भरत नाही. नाकावरची ओढ तिथे नावालाच. तिथे काम करतो तो फक्त पंखा. अँबॅसडर-पद्मिनीत तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, म्हणून मुरलेले ड्रायव्हर घाटात इंजिन वरच्या गिअरमध्ये रखडू न देता खालच्या गिअरमध्ये जोरात फिरतं ठेवायचे. आजच्या विजेच्या पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलेलं असेल, तर पंखा पुढची ताजी हवा ओढायच्या ऐवजी कडेची गरम हवाच पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. घाटातल्या गाडीसाठी पहिला खर्च त्या कड्यावर करावा; जिगसॉ नंतर.