‘-३३’ म्हणजे नेमके किती?

विमान पडले की ‘संगणक बिघडला असेल’ असे आपण सहज बोलून जातो. पण कॉकपिटच्या इतिहासातल्या दोन मोठ्या अपघातांत संगणक दिलेला हुकूमच पाळत होता. आपण कोणता हुकूम दिला आहे, हे वेळेत वैमानिकांच्या लक्षात आले नाही.

२५ मे १९७२ रोजी ‘नासा’ने एफ-८ क्रुसेडर हे लढाऊ विमान वैमानिकाची दांडी आणि पंखांवरची पाती यांच्यातली यांत्रिक जोडणी काढून, संगणकाच्या भरवशावर उडवले. तो संगणक अपोलो चांद्रयानाचा होता. पुढे १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ मध्ये तबकड्यांच्या जागी पडदे आले आणि फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची गेली.

खरा बदल १९८८ च्या एअरबस ए-३२० ने केला. इथे वैमानिक साइडस्टिक ही बाजूची छोटी दांडी हलवतो आणि तिचा अर्थ संगणक लावतो. ऑटोथ्रस्ट इंजिनांचा जोर कमी-जास्त करतो, तेव्हा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, मात्र जागचे हलत नाहीत. पूर्वी जे हाताला कळायचे, ते आता पडद्याच्या वरच्या पट्टीतल्या हिरव्या अक्षरांत वाचावे लागते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० बंगळुरूला उतरत होते. ऑटोथ्रस्ट ‘ओपन डिसेंट’मध्ये होता, म्हणजे इंजिने किमान जोरावर. विमान कसे न्यायचे ते दोन्ही वैमानिकांना पडद्यावर दाखवणारे दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद झाले असते तर वेग सांभाळणारा मोड आपोआप लागला असता. एकच बंद झाला. वेग घटत गेला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. त्या पट्टीतले दोन शब्द कुणीतरी मोठ्याने वाचायला हवे होते, असे आजही वाटत राहते.

२० जानेवारी १९९२ रोजी स्ट्रासबर्गजवळ एअर इंटरचे ए-३२० डोंगरावर आदळले, ८७ मृत्यू. वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, पण मोड दुसराच निवडलेला होता, ही शक्यता तपासात पुढे आली. त्या मोडमध्ये ३३ म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट खाली उतरणे. आकडा दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत एका मोडमध्ये ‘-३.३’ दिसायचे, दुसऱ्यात ‘-३३’. फरक एका टिंबाचा, आणि मोड बदलायचे बटण एकच.

नंतर एअरबसने ती खिडकी बदलली. उतरण्याचा वेग तिथे पूर्ण चार अंकांत दिसू लागला: -३३००.