धुराचा काळेपणा मोजायचं कार्ड

सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हटलं की आपल्याला तुंबलेली गटारं आणि डास आठवतात. हे पद आपल्याकडे आलं ब्रिटिशांबरोबर. खुद्द ब्रिटनमध्ये १९५६ साली त्याचं नाव बदललं, आपण मात्र जुनंच चालवतो आहोत. त्या काळातल्या तिथल्या इन्स्पेक्टरचं बरंचसं शास्त्र नाक आणि डोळे यांवरच चालायचं.

सांडपाण्याचा नळ कुठे फुटलाय हे शोधायची एक जुनी युक्ती होती. एकाने वर जाऊन नळात पेपरमिंटचं तेल आणि त्यावर कढत पाणी ओतायचं, दुसऱ्याने खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचं. वास आला तिथे भेग. तेल ओतणाऱ्याने मात्र तपासणी होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही. त्याच्या हातालाच वास, मग अख्खं घर फुटकं ठरायचं!

डोळ्यांचं काम त्याहून मजेशीर. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर उबदार हवेचं झाकण बसलं आणि कोळशाचा धूर पाच दिवस खालीच कोंडला. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसं दगावली. नंतरच्या काही अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत जातो. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि चिमणीतून ‘काळा धूर’ सोडणं गुन्हा ठरलं. पण काळा म्हणजे किती काळा?

उत्तर होतं रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाच्या तक्त्यात. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. दुसऱ्या क्रमांकाच्या छटेत रेघा २.३ मिलिमीटर जाड, मधले पांढरे चौकोन ७.७ मिलिमीटरचे, म्हणजे सुमारे ४० टक्के काळं. पंधराएक मीटरवरून डोळ्याला रेघा वेगळ्या दिसत नाहीत, सगळं मिळून एकच करडा रंग होतो. तो शेजारच्या धुराशी ताडून पाहायचा. धूर दोन क्रमांकाइतका किंवा त्याहून गडद दिसला की कायद्याने काळा.

युक्ती झकास, पण आंधळीही. आभाळ किती उजळ आहे यावर धूर कमीजास्त काळा भासतो. आणि सल्फर डायऑक्साइडला तर रंगच नाही, तो या तक्त्यातून खुशाल निसटायचा.

घरातल्या शेगड्यांना तक्ता लावून भागत नव्हतं. धूरबंदीच्या भागात इन्स्पेक्टर दारोदार फिरून शेगड्यांची नोंद करायचे. धूर न करणाऱ्या इंधनासाठी शेगडी बदलून घेतली की मान्य खर्चातला ७० टक्के वाटा स्थानिक परिषद द्यायची, उरलेला घरच्यांनी सोसायचा.