वाखरीला पोचेपर्यंत मैत्री इतकी घट्ट का होते?

आळंदीहून पालखी हलते तेव्हा दिंडीत शेजारी चालणाऱ्याचं आडनावसुद्धा ठाऊक नसतं. नातेपुते मागे पडेपर्यंत त्याच्या तळपायाच्या फोडात सुईदोरा ओवून देण्यापर्यंत मजल गेलेली असते (डॉक्टर नको म्हणतात, पण वारीत ऐकतो कोण). आणि पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीच्या तळावर मुलीचं अडलेलं लग्न, भावाशी चाललेला बांधाचा दावा, सगळं बोलून झालेलं असतं. ‘माउलींची कृपा’ एवढं उत्तर वारकऱ्याला पुरतं. त्या उत्तराशी न भांडताही थोडं पुढे जाता येतं, कारण अनोळखी माणसं जवळ कशी येतात यावर गेल्या काही दशकांत बरेच प्रयोग झाले आहेत.

आधी तासांचा हिशेब मांडू. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांकडून आणि विद्यापीठात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या नव्या ओळखींची माहिती घेतली. २०१८ साली आलेला निष्कर्ष असा: ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावं इतपत जवळीक यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्यांना तिथवर जायला दोन वर्षं लागतील. दिंडीत चाल, विसावा, पंगत, कीर्तन मिळून दिवसाचे बारा तास सोबतीचे धरले, तर सतराव्या दिवशी २०४ होतात. म्हणजे पंढरपूर यायच्या आतच. शिवाय हॉल यांना असंही दिसलं, की कामाच्या ठिकाणी सोबत काढलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. गप्पांचे आणि मौजेचे होतात. वारीत चालणं हेच काम आणि तीच मौज, त्यामुळे तिथे एकही तास वाया जात नाही.

पण नुसत्या तासांवर भागत नाही. दिंडी ठेक्यात चालते. पखवाज आणि टाळ यांच्यावर पावलं आपोआप बसतात, चढ आला की अभंगाची लय बदलते आणि पावलंही बदलतात. संध्याकाळच्या समाजआरतीला हे फार नीट पाहता येतं. शेकडो टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, चोपदार चोप उंचावतो, आणि क्षणात चिडीचूप. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. एवढी माणसं एका इशाऱ्यावर थांबतात, कारण दिवसभर ती एकाच ठेक्यावर चाललेली असतात.

एका ठेक्यात चालल्याने काय होतं, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी तपासलं. तिघातिघांचे गट करून त्यांनी काहींना विद्यापीठाच्या आवारात पावलाशी पाऊल जुळवून चालायला लावलं, काहींना नेहमीसारखं. नंतर पैशांचा एक खेळ खेळवला. त्यात फायदा व्हायचा तर दुसऱ्यावर भरवसा टाकावा लागत होता. पावलं जुळवून आलेल्यांनी तो अधिक टाकला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली गंमत अशी, की चालताना त्यांना काही विशेष आनंद झाला होता असंही नाही.

दुसरा प्रयोग ऑक्सफर्डचा, २०१० सालचा. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी नौकानयन संघातल्या १२ खेळाडूंना वल्हवण्याच्या यंत्रांवर कधी एकेकटं, कधी एकत्र बसवलं. व्यायामानंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो फुगवत न्यायचा, आणि दुखणं असह्य झालं की खेळाडूने सांगायचं. मेहनत तेवढीच, पण एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढली. शरीरात तयार होणारं, वेदना शमवणारं एंडॉर्फिन हे द्रव्य यामागे असावं, असा त्यांचा तर्क आहे. मात्र हा तर्कच. रक्तातलं एंडॉर्फिन कुणी मोजलं नव्हतं, आणि १२ जण म्हणजे मूठभरच. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एकत्र नाचा, एंडॉर्फिन वाढवा’ असं जे फिरतं, त्यातला ठामपणा मूळ शोधनिबंधात नाही.

आता शेवटच्या टप्प्याकडे येऊ. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात दाखवलं, की बोळातून खाण्याकडे धावणारा उंदीर खाणं जवळ येईल तसा वेग वाढवतो. आपल्याकडे वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो: तुकोबांना इथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, या आठवणीने थकलेले पायही पळतात. पण मैत्रीच्या बाबतीत संपत आल्याची जाणीव वेगळंच काही करते. स्टॅनफर्डच्याच मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसन यांचं म्हणणं असं, की वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणूस नव्या ओळखींच्या मागे न लागता जवळच्यांना धरून बसतो. पदवीदान समारंभाच्या दिवशी काही विद्यार्थ्यांना, आज तुमचा विद्यार्थी म्हणून शेवटचा दिवस, अशी आठवण करून दिली गेली. इतरांपेक्षा त्यांच्यात आनंद आणि खिन्नता एकत्र दाटून येण्याचं प्रमाण अधिक आढळलं. वाखरीतून निघताना फुगड्या घालणारी आणि डोळे पुसणारी माणसं एकच का असतात, ते इथे उमगतं.

ही जवळीक टिकते का? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे दिंडीतून चालल्या, तेव्हा त्यांना एक गोष्ट फार खुपली. अभंग सगळ्यांचे एक, पण ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, तशा त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, शेवटी शेवटी ताई म्हणू लागल्या. पुण्याला येऊ म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? माझ्या मते वारीच्या मैत्रीवरचा सर्वांत नेमका प्रश्न हाच. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं, की वेगवेगळ्या गटांतली माणसं जवळ यायला बरोबरीचा दर्जा, एकच ध्येय, एकमेकांना मदत आणि वरच्या अधिकाऱ्यांची किंवा रूढीची मान्यता लागते. वाटेवर यातलं पुष्कळसं मिळतं. घरी परतल्यावर बरोबरीचा दर्जा सगळ्यात आधी जातो. ठेका पावलं जुळवतो, ताटं जुळवायला मुद्दाम उठून दुसऱ्या पंगतीत बसावं लागतं.

कुणाला अभ्यास करायचाच असेल तर सोय तयार आहे. गोपाळपूरचा काला झाला की बहुतेक वारकरी एसटी पकडतात, पण पालखी त्याच रस्त्याने चालत आळंदीला परत जाते. या परतवारीत माणसं थोडी, रोजचे टप्पे लांब, आणि दहा-अकरा दिवसांत वाट संपते. रस्ता तोच, टाळ तेच, फक्त पुढे पंढरपूर नाही. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तीच प्रश्नावली भरून घेतली, तर ठेक्याचा वाटा किती आणि पंढरी जवळ येण्याचा किती, हे वेगळं काढायला सुरुवात तरी होईल.