ऑनर्सच्या विद्यार्थ्यामागचा कर्मचारीवर्ग : पार्श्वभूमी

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या राज्य विद्यापीठाच्या ऑनर्स महाविद्यालयात, म्हणजे निवडक हुशार विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वेगळ्या महाविद्यालयात, दाखल झालेल्या विद्यार्थ्याची पहिल्या वर्षी ज्यांच्याशी सर्वांत जास्त गाठ पडते, ती माणसे बहुधा त्याला वर्गात शिकवत नाहीत. विषयनिवड तपासणारा सल्लागार, प्रबंधाच्या तारखा सांभाळणारा समन्वयक, शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचे काम पाहणारा अधिकारी, वसतिगृहाची जबाबदारी असलेला व्यवस्थापक आणि बाहेरच्या टेबलावर बसून कोणाला कोणाकडे पाठवायचे हे अचूक ओळखणारा कार्यालयीन सहायक, असा हा वर्ग आहे. त्यातील अनेकांकडे पदव्युत्तर पदवी असते, काहींकडे पीएचडीही असते. तरीही विद्यापीठाच्या नोंदीत ते प्राध्यापक नसतात, आणि त्यांना कारकून म्हणणेही चूक ठरेल. ऑनर्सची कल्पना ज्यांनी अमेरिकेत नेली त्यांच्या मनात असा वर्ग नव्हताच. तो कसा आला, हे समजायचे तर दोन वेगवेगळे प्रवाह पाहावे लागतात.

पहिला प्रवाह ऑक्सफर्डचा. तिथे १८०० सालच्या परीक्षा-नियमांनी सामान्य पदवीच्या वर ऑनर्सची वेगळी परीक्षा सुरू केली. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा तर त्याहून जुनी, आणि १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिले, झाल्यापासून ती मराठी घरांतही नावाने ओळखीची झाली. ऑक्सफर्डच्या पद्धतीत विद्यार्थी आठवड्याला निबंध लिहून ट्यूटरपुढे वाचतो, ट्यूटर तो निबंध उलटसुलट तपासतो, आणि शेवटी परीक्षा घेतात ते विद्यापीठाने नेमलेले परीक्षक. विषय कोणते घ्यावेत, काय वाचावे, प्रकृती बरी आहे का, पुढे काय करावे, या साऱ्याची पहिली विचारणा ट्यूटरकडेच होत असे. शिकवणारा आणि पाठीशी उभा राहणारा, या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे होत्या, आणि एका ट्यूटरकडे मोजकेच विद्यार्थी असल्यामुळे ते जमतही होते.

ही पद्धत अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रँक आयडेलॉट यांना दिले जाते. इंडियाना राज्यातून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयात गेले. १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर या, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतील, छोट्या महाविद्यालयाचे ते अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी तिथे ऑनर्स कार्यक्रम सुरू झाला. सर्व विद्यार्थ्यांना एकाच चालीने चालवणे ही अमेरिकी महाविद्यालयांची खोड आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निवडलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटची दोन वर्षे नेहमीचे तास सोडून छोट्या चर्चासत्रांत काम करावे, आठवड्याला निबंध सादर करावेत, आणि अखेरीस बाहेरच्या विद्यापीठांतून आलेल्या परीक्षकांपुढे लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी, अशी त्यांची योजना होती. चर्चासत्रे अनेकदा प्राध्यापकांच्या घरीच भरत. प्राध्यापक स्वतः परीक्षक नसल्यामुळे तो आणि विद्यार्थी एकाच बाजूला असत, आणि मला वाटते या रचनेचे खरे मर्म इथेच आहे. गुण देण्याचा अधिकार हातात नसलेल्या शिक्षकाला विद्यार्थी मोकळेपणाने अडचण सांगू शकतो.

स्वार्थमोर लहान होते म्हणून तिथे वेगळ्या सल्लागाराची गरज पडली नाही. बाहेरच्या परीक्षकांचा पत्रव्यवहार, त्यांचा प्रवास, प्रश्नपत्रिकांची ये-जा आणि तोंडी परीक्षांचे वेळापत्रक हा भार मात्र कार्यालयावर पडलाच असणार. ऑनर्सवरील लिखाणात या कामाचा उल्लेख क्वचितच सापडतो, आणि असे काम करणाऱ्यांच्या वाट्याला इतिहासात सहसा तेवढेच येते.

दुसरा प्रवाह ऑनर्सशी संबंध नसलेल्या एका अडचणीतून निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठात, चार्ल्स एलियट अध्यक्ष असताना, ठरीव अभ्यासक्रम मोडून ऐच्छिक विषयांची मुभा आली, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपुढे निवडीचा डोंगर उभा राहिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॅनियल गिलमन यांच्या अध्यक्षपदाच्या काळात प्राध्यापकांकडे सल्लागाराची जबाबदारी सोपवली गेली. हार्वर्डनेही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे मंडळ नेमले. पुढे १९३७ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षणसंस्थांच्या संघटनेने एक निवेदन प्रसिद्ध केले. विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नाही, तर त्याच्या एकंदर जडणघडणीचा विचार करावा, असा त्याचा आशय होता. वसतिगृह, आरोग्य, समुपदेशन, नोकरीविषयक मार्गदर्शन अशा कामांसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमण्याला त्यामुळे तात्त्विक आधार मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४ च्या जीआय कायद्याचा लाभ घेऊन माजी सैनिक लाखोंच्या संख्येने महाविद्यालयांत आले, तेव्हा अशी खाती मोठी होत गेली.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते राज्य विद्यापीठांत. ऑनर्सची योजना लहान खाजगी महाविद्यालयापुरती न ठेवता हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात राबवता येईल का, हा प्रश्न कोलोराडो विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोसेफ कोहेन यांनी लावून धरला. त्यांच्या विद्यापीठात १९३० च्या सुमारासच ऑनर्स सुरू झाले होते, आणि टेक्सास विद्यापीठाचा 'प्लॅन टू' हा ऑनर्स कार्यक्रम १९३५ चा. पण देशव्यापी हालचाल झाली ती १९५७ मध्ये. त्या वर्षी कोलोराडोतील बोल्डर येथे कोहेन यांच्या पुढाकाराने, कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेच्या पैशावर, गुणवान विद्यार्थ्यांसाठी आंतरविद्यापीठीय समिती उभी राहिली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, हुशार मुलांकडे देशाचे दुर्लक्ष झाले अशी ओरड सुरू झाली, आणि समितीला मागणी कमी पडली नाही. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने माध्यमिक शाळांतील समुपदेशकांसाठीही पैसा उपलब्ध करून दिला.

या समितीने परिपूर्ण ऑनर्स कार्यक्रमाची सोळा लक्षणे लिहून काढली. त्यातील समुपदेशनाविषयीचा भाग आज वाचताना थांबायला होते. विद्यार्थ्याच्या वाढीकडे लक्ष ठेवून त्याला सतत मार्गदर्शन मिळावे, पण ते शिकवणाऱ्यांनी करावे, वर्गात न शिकवता पूर्ण वेळ समुपदेशनच करणाऱ्यांनी करू नये, असे त्यात सांगितले होते. त्याच वाक्यात पुढे मात्र विद्यापीठाच्या व्यावसायिक समुपदेशकांमध्ये ऑनर्सची जाण असलेले काही असावेत, अशी पुस्तीही जोडलेली होती. पहिल्या अर्ध्यात ऑक्सफर्डचा ट्यूटर बोलतो, दुसऱ्या अर्ध्यात राज्य विद्यापीठाची पटसंख्या. समितीला यातला विरोध दिसला नसेल असे म्हणवत नाही. तिने तो तसाच राहू दिला, आणि पुढची चाळीस वर्षे तो व्यवहारात सुटत गेला.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण इथे बोलके आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या ऑनर्स महाविद्यालयाने चांगल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या अनेक अनिवार्य अटींतून सूट दिली आणि सल्लागाराबरोबर बसून स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक दिली. नियम सैल झाले की नियमांची जागा कोणीतरी माणूस घेतो. कोणती सूट परवडेल, वैद्यकीय शाखेच्या प्रवेशासाठी कोणता विषय टाळून चालणार नाही, पदव्युत्तर विषय दुसऱ्याच वर्षी घेणे झेपेल का, याची उत्तरे माहितीपुस्तिकेत नसतात. प्राध्यापकाला स्वतःच्या विभागापुरती ती ठाऊक असतात, पण विद्यार्थी मात्र विभागांच्या सीमा ओलांडूनच ऑनर्समध्ये आलेला असतो.

आंतरविद्यापीठीय समिती १९६५ मध्ये विसर्जित झाली, आणि १९६६ मध्ये नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही ऑनर्स कार्यक्रमांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच काळात सर्वांसाठी समान शिक्षणाचा आग्रह वाढल्यामुळे ऑनर्सवर उच्चभ्रूपणाचा आरोप होऊ लागला, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. दरम्यान सल्लागाराच्या कामाला स्वतःचा विचार लाभला. १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन यांनी सल्ला देणे हे शिकवण्याचेच एक रूप आहे, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी टेरी ओबॅनियन यांनी या कामाचा क्रम मांडला: आधी आयुष्याची उद्दिष्टे, मग व्यवसायाची, मग अभ्यासक्रम, मग विषय, आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक. प्रत्यक्षात कार्यालयांत हा क्रम उलटाच चालतो, हे तिथे गेलेला कोणीही सांगेल. सल्लागारांची पहिली राष्ट्रीय परिषद १९७७ मध्ये व्हर्मांटमधील बर्लिंग्टन येथे झाली आणि १९७९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७४ च्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे या नात्याला कायद्याची चौकटही आली. मुलाचे गुण विचारणाऱ्या पालकाला विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय सहसा काही सांगितले जात नाही, आणि पुण्याहून फी भरणाऱ्या आईवडिलांना हे उत्तर पचायला जड जाते.

ऐंशीच्या दशकापासून चित्र झपाट्याने बदलले. राज्यातील हुशार विद्यार्थी महागड्या खाजगी विद्यापीठांकडे जाऊ नयेत म्हणून राज्य विद्यापीठांनी ऑनर्स कार्यक्रमांची ऑनर्स महाविद्यालये केली. ॲरिझोना स्टेटने १९८८ मध्ये असे महाविद्यालय सुरू केले. पेन स्टेटच्या आधीच्या कार्यक्रमाला १९९७ मध्ये श्रायर दांपत्याने ३ कोटी डॉलर दिले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय झाले. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाचे ऑनर्स महाविद्यालय २००१ चे. वेगळे वसतिगृह, वेगळी प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्ती, परदेशी सत्र, सेवाप्रकल्प अशी आश्वासने माहितीपत्रकात छापली गेली, आणि प्रत्येक आश्वासनामागे कोणीतरी पगारी माणूस उभा करावा लागला. नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिलने १९९४ मध्ये आपली मूलभूत लक्षणे जाहीर केली, तेव्हा ऑनर्स विद्यार्थ्यांचे शैक्षणिक समुपदेशन खास पात्रतेच्या अध्यापकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी करावे, अशी शब्दयोजना आली. जुन्या समितीने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, ते आता प्राध्यापकांच्या शेजारी बसले. ऑनर्स महाविद्यालयांसाठी नंतर आलेल्या लक्षणांत प्रमुखपदी पूर्ण वेळ अधिष्ठाता असावा, अशीही अपेक्षा नोंदवली गेली.

या माणसांच्या कामाचा पोत कळण्यासाठी एकच कागद पाहू. बऱ्याच ठिकाणी त्याला 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. विद्यार्थी साध्या वर्गात बसतो, पण प्राध्यापकाशी ठरवून वेगळे काम करतो आणि त्या विषयाचे श्रेयांक ऑनर्समध्ये धरले जातात. अर्जावर कामाचे वर्णन, भेटींच्या तारखा, मूल्यमापनाची रीत आणि दोघांच्या सह्या असतात, आणि तो सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत कार्यालयात पोचावा लागतो. घाईने भरलेल्या अर्जात हमखास लिहिलेले असते की विद्यार्थी आणखी दहा पानांचा निबंध लिहील. सल्लागार तो परत पाठवतो. काम जास्त असून भागत नाही, वेगळ्या प्रकारचे असावे लागते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील जुन्या नोंदी नव्याने तपासाव्यात, इतिहासाच्या विद्यार्थ्याने मूळ कागदपत्रे हाताळावीत. प्राध्यापकाचा मान राखून, आणि त्याच्याहून वरचढ अधिकार नसताना, हे सुचवायचे असते. अशाच सुरात सरासरी गुणांक घसरलेल्या विद्यार्थ्याला सूचनापत्र पाठवून, त्याच दिवशी त्याला भेटायलाही बोलवायचे असते.

प्रतिष्ठेच्या शिष्यवृत्त्यांनी आणखी एक पद निर्माण केले. ऱ्होड्ससाठी अमेरिकी अर्जदाराला विद्यापीठाचे शिफारसपत्र लागते. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ट्रुमन शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाने आपला प्रतिनिधी नेमून मोजकीच नावे पाठवायची असतात. मार्शल, गोल्डवॉटर, फुलब्राइट यांच्याही आपापल्या रीती आहेत. म्हणजे बाहेरच्या निवडीआधी घरातली निवड होते. ती करणारी, मुलाखतीचा सराव घेणारी आणि नाकारलेल्यांची समजूत काढणारी कार्यालये अनेक ठिकाणी ऑनर्सच्याच इमारतीत आली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचीही राष्ट्रीय संघटना झाली. विद्यार्थ्याचा निबंध किती सुधारून द्यावा, हा त्यांच्यातील जुना वाद आहे. काही शिष्यवृत्त्यांनी अर्जदाराला निबंधासाठी मदत घेण्यावर मर्यादाही घातल्या आहेत, आणि त्या योग्यच म्हणाव्या लागतील.

भारतात ऑनर्स हा शब्द जुना असला तरी तो वेगळ्या वाटेने आला. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, आणि परीक्षा घेऊन पदवी देणे हेच त्यांचे मुख्य काम होते. त्यामुळे आपल्याकडे ऑनर्स निकालाशी जोडले गेले, विद्यार्थ्याच्या सोबतीशी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा दिला. त्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला संशोधनासह ऑनर्सचा पर्याय असून, त्यासाठी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन प्रकल्प करायचा आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून हे धोरण लागू केले. पाठीशी उभे राहण्याचे काम तूर्त शिक्षकांकडेच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याला टीचर गार्डियन म्हणतात, आणि नॅकच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे प्रमाण विचारले जात आले आहे. वीस-पंचवीस मुलांची यादी, उपस्थितीची वही आणि पालकांना करायचे फोन हे सारे तासिका सांभाळून चालते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर अशा पदांभोवतीच बांधलेला आहे, आणि शैक्षणिक सल्लागार हे पद त्यात अजून आलेले नाही.