माळव्याची वाइन, मोहाची दारू आणि एका शब्दाचा घोळ

इंदूरहून सकाळी निघून रतलामच्या बाजूच्या द्राक्षबागा बघायच्या आणि तिथलीच वाइन चाखायची, हा बेत आपल्याकडे नवा आहे. इतिहास मांडूच्या सुलतानांपर्यंत मागे नेता येईल. पण आजच्या बेताची मुळं मध्य प्रदेशच्या जानेवारी २०२२ च्या अबकारी धोरणात आहेत.

राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला त्यात शुल्कमाफी मिळाली, जांभळाच्या वाइनला वाट मोकळी झाली आणि मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ म्हणून बाजारात आणायचं ठरलं. त्याच महिन्यात महाराष्ट्रात सुपरमार्केटमधल्या वाइनविक्रीवरून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा वाद पेटला होता.

घोळ इथूनच सुरू होतो. दुकानाच्या पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेलं असतं आणि आत व्हिस्की-रमच जास्त. पाहुण्यांना मोहाचीही ओळख ‘महुआ वाइन’ अशी करून दिली जाते. ते चूक आहे. द्राक्षांची वाइन नुसती आंबवलेली असते, अल्कोहोल साधारण १२-१३ टक्के. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून, भिजवून आंबवतात आणि मग भट्टीवर गाळतात. म्हणजे ती व्हिस्कीच्या कुळातली. वाइनसारखा मोठा घोट घेणाऱ्याला हे आधीच सांगायला हवं.

‘हेरिटेज’ शब्दही तितकाच वादाचा. हीच दारू आदिवासी घरांना स्वतःपुरती गाळायची मुभा होती, विकली की गुन्हा. आता अलीराजपूर आणि डिंडोरीत (नाशिकची द्राक्षांची दिंडोरी वेगळी) बचत गटांनी गाळलेली मोहाची दारू रीतसर बाटलीत येते. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण वारसा कोणाचा, हे त्या इंग्रजी शब्दातून कळत नाही, आणि त्या आदिवासी घरांचं नाव मागेच राहतं. मला हे खटकतं.

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, मंदसौर अशा धार्मिक गावांतली मद्याची दुकानं आणि बार बंद झाले. इंदूरच्या पाहुण्यांची नेहमीची ठिकाणं नेमकी हीच. त्यामुळे महेश्वरला घाटावर संध्याकाळ आणि हातात पेला, हे आता जमणार नाही; चाखण्यासाठी रतलामकडचा दिवस वेगळाच काढावा लागतो.