दोन सेकंदांच्या घोळात रोजचे १४३ जीबी

श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाला, मामाकडे धुळ्याला गेलो होतो, तेव्हा कपाटातून जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ११ मिनी डीव्ही कॅसेटी निघाल्या. कानबाईचं विसर्जन, मावशीची हळद, कुणाकुणाचं जावळ, सगळं त्यात. मामा म्हणे, भाचेबुवा, तुमच्या त्या डब्यात भरा ना हे.

भुसावळला आणून कम्प्युटरमध्ये भरत बसलो. तासाभराची कॅसेट भरायला तासच लागतो आणि एका तासाचे साधारण १३ जीबी होतात, म्हणजे अकरांचे १४३.

माझा बॅकप, म्हणजे फाइलींची जादा प्रत काढणं, रोज रात्री आपोआप चालतो, बाहेरून जोडलेल्या जुन्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर, पाच मिनिटांत आटपायचा. व्हिडिओ भरले त्या रात्री दीड तास लागला, त्याचं काही नाही, जुनं यूएसबी २ सेकंदाला तीसेक एमबीच ढकलतं, हिशेब बसतो. पण दुसऱ्या रात्रीही दीड तास, तिसऱ्याही. मी एकाही क्लिपला हात लावलेला नाही आणि डिस्क आपली घरघर करतेय, त्यात मधेच लाइट गेली की झालंच कल्याण.

पहिला उद्योग म्हणजे झिप करून पाहिलं. फुकट गेली रात्र. डीव्हीचं चित्र कॅमेऱ्यातच पाचास एक असं दाबलेलं असतं, पिळलेला ऊस परत चरकात घातल्यासारखं ते.

मग बॅकपचा लॉग, म्हणजे त्याने काय काय केलं त्याची नोंद, उघडला, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रोग्राम रोज सगळ्याच फाइली 'बदललेल्या' म्हणून कॉपी करत होता. आता हे प्रोग्राम फाइल उघडून आतलं चित्र बघत नाहीत बरं का, बहुतेक जण फक्त साइझ आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळवतात. एका क्लिपच्या प्रॉपर्टीज दोन्हीकडे उघडल्या. कम्प्युटरवर ७:१२:३५, डिस्कवर ७:१२:३६.

एक सेकंद! त्याच्यासाठी एवढा तमाशा.

कारण जुनं आहे. डिस्क होती फॅट३२ फॉरमॅटची (फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), आणि या फॉरमॅटमधली वेळ लिहायची पद्धत डॉसच्या जमान्यातली. वेळेला जागा १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायची १६ घरं, त्यातले ५ तासाला, ६ मिनिटाला, उरले ५. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात आणि मिनिटात सेकंद ६०, मग त्या लोकांनी सेकंद दोन-दोनच्या जोडीने मोजले. ३५ वा सेकंद तिथं लिहिताच येत नाही, त्याचा ३६ होतो. कम्प्युटरवरच्या, विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये मात्र वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत लिहिलेली असते, त्यामुळे दोघांचं जुळणं म्हणजे लॉटरीच.

म्हणजे बघा, हा घोळ व्हिडिओंनी केलाच नव्हता. वर्षानुवर्षं माझे फोटो आणि कागदपत्रंसुद्धा रोज रात्री नव्याने कॉपी होत होती, फक्त ती चार जीबी असल्याने कळत नव्हतं. वजन टाकल्यावर काटा खोटा असल्याचं समजलं.

लॉगमध्ये अजून एक एरर होती. विसर्जनाची ४० मिनिटांची सलग क्लिप जातच नव्हती, 'फाइल खूप मोठी आहे' म्हणे, आणि डिस्कवर ३०० जीबी रिकामे! तेही फॅट३२ चंच. फाइलची साइझ लिहायला ३२ बिट, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट. डीव्ही कॅमेरा सलग २० मिनिटं चालला की एवढं भरतं.

विंडोजच्या रोबोकॉपी या फाइली कॉपी करायच्या प्रोग्राममध्ये 'एफएफटी' म्हणून पर्याय आहे, तो दोन सेकंदांचा फरक माफ करतो, त्याने रोजची कॉपी थांबली असती. पण मोठ्या क्लिपचं काय, म्हणून डिस्कवरचं सगळं दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस केली. हलवल्याशिवाय फॉरमॅट मारू नका, सगळं पुसलं जातं. आता बॅकप मिनिटभरात होतो. मधे एकदा 'न्यू फोल्डर'चं नाव बदलून 'मामाकडच्या कॅसेटी' केलं तर त्या रात्री परत १४३ जीबी गेले, कारण फाइलीपर्यंतचा रस्ता, म्हणजे फोल्डरचं नाव, बदलला की त्याच्या लेखी फाइल नवीन आणि जुनीही तिथंच पडून. ती हाताने काढली.

मामाला पेनड्राइव्ह द्यायचाय. त्याचा जुना टीव्ही फॅट३२ सोडून दुसरं काही वाचत नाही, त्यामुळे कानबाईचं विसर्जन आता तीन तुकड्यांत कापतोय.